पत्ता तपासला का?

गोंदिया शहराला लागून असलेले नागरा हे गाव प्राचीन शिवमंदिरासाठी आणि महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. आजूबाजूला धानाच्या बांध्या. खरिपात इथला शेतकरी बांधीत उभा राहतो, खिशातून मोबाइल काढतो आणि पिकाचा फोटो घेतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद करण्याचे काम शेतकऱ्याच्या हातातल्या फोनवर आले. त्याच फोनवर बँकेचे अ‍ॅप असते, यूपीआय असते, ओटीपी येत असतात. शिवाय मुलांनी उतरवून घेतलेला गेम असतो आणि कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले एखादे अनोळखी अ‍ॅपही असते. ही सगळी मंडळी एकाच यंत्रात राहतात, एकच मेमरी वापरतात. तरीही गेमला बँकेचा पासवर्ड वाचता येत नाही.

तो वाचता येऊ नये, ही जबाबदारी कर्नेलची. ऑपरेटिंग सिस्टिमचा हा सर्वांत आतला भाग. पडद्यावर तो कधी दिसत नाही, पण मेमरी कुणाला किती द्यायची, फाइल कुणी उघडायची, कॅमेरा कुणाच्या हाती द्यायचा, हे सगळे तोच ठरवतो. अँड्रॉइड फोनमधला कर्नेल म्हणजे लिनक्स. लिनस तोरवाल्डस या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये त्याची सुरुवात केली आणि आज जगभरातले हजारो प्रोग्रॅमर तो लिहितात, तपासतात, दुरुस्त करतात.

या कर्नेलमध्ये एक तपासणी आहे. जेमतेम दोन-तीन ओळींची. ती कुठे राहून गेली की फोनचा अख्खा ताबा परक्याच्या हातात जाऊ शकतो. आणि ती गेल्या वीस वर्षांत पुन:पुन्हा राहून गेली आहे.

मेमरीतल्या प्रत्येक बाइटला क्रमांक असतो. त्यालाच पत्ता म्हणतात. ३२ बिटांच्या यंत्रात असे सुमारे ४ अब्ज पत्ते, म्हणजे ४ जीबी. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत त्यातले खालचे ३ जीबी अ‍ॅपसाठी आणि वरचा १ जीबी कर्नेलसाठी राखलेला असे. ६४ बिटांच्या इंटेल-एएमडी यंत्रांत जागा खूपच मोठी आहे. तिथे अ‍ॅपच्या वाट्याला साधारणपणे खालचे १२८ टीबी पत्ते येतात आणि कर्नेल अगदी वरच्या टोकाला बसतो. अ‍ॅपने स्वतः कर्नेलच्या पत्त्याला हात लावायचा प्रयत्न केला, तर प्रोसेसरच त्याला अडवतो. इथपर्यंत चोख बंदोबस्त.

अडचण येते ती अ‍ॅप कर्नेलकडे काम मागते तेव्हा. ‘ही फाइल वाच आणि मजकूर अमुक पत्त्यावर आणून ठेव,’ असे अ‍ॅप सांगते. कर्नेलला प्रोसेसर अडवत नाही, त्याला सगळीकडे मुभा. आता अ‍ॅपने मुद्दामच कर्नेलच्या हद्दीतला पत्ता दिला तर? कर्नेल बिनदिक्कत स्वतःच्याच नोंदींवर लिहून बसेल. या नोंदींत कोणता प्रोग्रॅम कोणत्या अधिकाराने चालतो याचीही माहिती असते. तिथे शून्य लिहिले गेले, की साधे अ‍ॅप क्षणात ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकारी होते, कारण लिनक्समध्ये रूटचा क्रमांकच शून्य आहे.

तलाठ्याकडे कुणी गट क्रमांक सांगून ‘माझ्या नावावर पीक चढवा’ म्हणाले, तर तलाठी आधी तो गट त्या माणसाचा आहे का ते पाहतो. नोंद करण्याचा अधिकार तलाठ्याला सगळ्याच गटांवर असतो, म्हणून तर हे पाहणे त्याच्यावर बंधनकारक. कर्नेलचेही तसेच. अ‍ॅपने दिलेला पत्ता अ‍ॅपच्याच हद्दीत आहे ना, हे आधी बघायचे आणि मगच तिथे लिहायचे किंवा वाचायचे.

लिनक्समध्ये या तपासणीचे नाव ‘अ‍ॅक्सेस-ओके’. तिला दोन गोष्टी द्याव्या लागतात, सुरुवातीचा पत्ता आणि लांबी. फक्त सुरुवात पाहून चालत नाही, कारण सुरुवात स्वतःच्या हद्दीत आणि शेवट धुऱ्यापलीकडे असेही होऊ शकते. बेरीज करतानाही जपावे लागते. ३२ बिटांत ४ अब्जांच्या जवळचा आकडा घेऊन त्यात लांबी मिळवली, तर बेरीज आकड्याच्या मर्यादेबाहेर जाते, पुन्हा शून्यापासून मोजली जाते आणि उत्तर लहानसेच दिसते. घाईने लिहिलेली तपासणी अशा उत्तराला बिनधोक समजून पुढे सोडते. म्हणून अनुभवी माणसे ही तपासणी दर वेळी नव्याने लिहीत नाहीत, एकदा नीट लिहून ठेवलेलीच वापरतात.

मग ती राहून कशी जाते? उत्तर शोधायला २०१३ सालचे प्रकरण फार उपयोगी आहे, कारण ते थेट खिशातल्या फोनचे आहे.

त्या काळातले बहुतेक अँड्रॉइड फोन एआरएम कंपनीच्या आराखड्यावर बेतलेल्या प्रोसेसरवर चालत. अ‍ॅपच्या मेमरीतून एखादा आकडा आणायला कर्नेल ‘गेट-युजर’ वापरतो आणि तिथे ठेवायला ‘पुट-युजर’. जुन्या पद्धतीत या कामासाठी प्रोसेसरची एक खास सूचना वापरली जाई. ती सूचना कर्नेलने चालवली तरी अधिकार मात्र अ‍ॅपचेच लागू होत. त्यामुळे पत्ता कर्नेलचा निघाला तर प्रोसेसर आपोआप अडवत असे. वेगळी तपासणी लिहायची गरजच नव्हती. २०१० मध्ये नव्या एआरएम प्रोसेसरांसाठी मेमरीच्या संरक्षणाची ही पद्धत बदलली आणि खास सूचनेच्या जागी साधी सूचना आली. साधी सूचना कर्नेलच्या पूर्ण अधिकाराने चालते. जुनी राखण गेली आणि तिच्या जागी लिहायची तपासणी कुणी लिहिलीच नाही.

बाहेरून काहीच बदलले नव्हते. फोन सुरू होत होते, अ‍ॅप चालत होती. कारण सरळ अ‍ॅप कधी कर्नेलचा पत्ता देतच नाही. चाचण्यांत ही चूक दिसत नाही ती त्यामुळेच. जो मुद्दाम खोटा पत्ता देईल त्यालाच ती सापडते.

सप्टेंबर २०१२ मध्ये लिनक्सच्या एआरएम विभागाची धुरा सांभाळणारे रसेल किंग यांची दुरुस्ती कर्नेलमध्ये आली. गेट-युजर आणि पुट-युजर यांनी पत्ता ठरलेल्या मर्यादेशी ताडून पाहायचा आणि तो बाहेरचा असेल तर काम न करता चूक कळवायची, एवढाच तिचा आशय. ३.५.५ या आवृत्तीपासून ही उणीव बुजली. पण फोनमध्ये ३.०, ३.४ असे जुने कर्नेल होते आणि प्रत्येक कंपनीने त्यात आपापले फेरफार केलेले होते. दुरुस्ती त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही. वर्षभरानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१३ मध्ये, याच फटीतून अँड्रॉइड फोनचा ताबा घेतला जात असल्याचे उघडकीस आले. तेव्हा या उणिवेला सीव्हीई-२०१३-६२८२ हा क्रमांक मिळाला. दुरुस्ती आधी आणि नोंद नंतर, असा उलटा क्रम. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने, सिसाने, ‘प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या उणिवां’च्या आपल्या यादीत तिचा समावेश केला तो सप्टेंबर २०२२ मध्ये.

ही एकटीच घटना असती तर अपवाद म्हणून सोडून देता आली असती. पण फेब्रुवारी २००८ मध्ये सर्व्हर चालवणाऱ्यांची झोप उडवणारे प्रकरण याच जातीचे होते. लिनक्स २.६.१७ मध्ये ‘व्हीएमस्प्लाइस’ नावाची नवी सोय आली होती. मजकूर एका जागेवरून दुसरीकडे उतरवून न घेता तो तिथल्या तिथे वापरता यावा, म्हणजे वेळ वाचावा, हा तिचा हेतू. तिच्यात अ‍ॅपने दिलेल्या पत्त्यांची तपासणी राहिली होती. २.६.२४.१ मध्ये दुरुस्ती आली, पण तिने काही जागा बुजवल्या आणि एक तशीच राहिली. सर्व्हरवरच्या कुठल्याही साध्या वापरकर्त्याला रूट करून देणारा प्रोग्रॅम लगेच इंटरनेटवर फिरू लागला आणि दोन-तीन दिवसांत २.६.२४.२ काढावी लागली. एका फायलीतली उणीव दुरुस्त करताना तिच्या शेजारच्या ओळीही वाचाव्यात, हा धडा त्या आठवड्यात अनेकांना मिळाला.

२०१७ चे प्रकरण आणखी बोलके आहे. ‘वेटआयडी’ ही सिस्टिममधली जुनी, रोजच्या वापरातली सेवा. एखादा प्रोग्रॅम संपला की त्याचा निकाल ती सांगते. हा निकाल अ‍ॅपच्या मेमरीत ठेवताना प्रत्येक आकड्यासाठी पत्ता वेगळा तपासला जाई. पाच-सहा आकड्यांसाठी पाच-सहा वेळा तीच तपासणी म्हणजे वेळेचा अपव्यय. म्हणून त्या वर्षी रचना बदलली. सुरुवातीला एकदाच अ‍ॅपच्या मेमरीचे दार उघडायचे, सगळे आकडे विनातपासणी ठेवायचे आणि दार लावून घ्यायचे. कल्पना चांगली होती. मात्र दार उघडण्याआधी एकदा तरी पत्ता तपासायला हवा होता, तेवढेच राहिले. ३ सप्टेंबर २०१७ रोजी आलेल्या ४.१३ या आवृत्तीत ही चूक बाहेर पडली. सुरक्षा संशोधक ख्रिस सॉल्स यांच्या ती लक्षात आली आणि ऑक्टोबरमध्ये कीस कुक यांनी दुरुस्ती लिहिली. वेटआयडीची दोन रूपे आहेत, एक ६४ बिटांच्या प्रोग्रॅमसाठी आणि एक जुन्या ३२ बिटांच्या. दोन्ही ठिकाणी अ‍ॅक्सेस-ओकेची एकेक तपासणी घातली. एवढाच तो पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा.

इथे थांबता आले असते. कर्नेलच्या मंडळींनी मात्र पुढचा प्रश्न विचारला. दार उघडणे आणि पत्ता तपासणे ही दोन वेगळी कामे असतील, तर उद्या दुसरा कुणी पुन्हा एक करून दुसरे विसरेल. जानेवारी २०१९ मध्ये, ५.० या आवृत्तीच्या तयारीत, तोरवाल्डस यांनी दार उघडणाऱ्या त्या फंक्शनलाच पत्ता आणि लांबी मागायला लावली आणि तपासणी त्याच्या पोटात घातली. आता तपासल्याशिवाय दार उघडतच नाही. एका जागची चूक दुरुस्त करणे वेगळे आणि ती चूक पुन्हा करताच येणार नाही अशी रचना करणे वेगळे. कर्नेलच्या कामात दुसऱ्या दुरुस्तीला जास्त मान आहे, आणि तो रास्तच आहे.

त्याच सुमारास अ‍ॅक्सेस-ओकेची एक जुनी खूणही पुसली गेली. आधी तिला ‘वाचायचे आहे की लिहायचे आहे’ हेही सांगावे लागे. इंटेलच्या ८०३८६ या जुन्या प्रोसेसरमध्ये एक खोट होती. फक्त वाचण्यासाठी राखलेल्या पानावर कर्नेल लिहायला गेला, तर तो प्रोसेसर अडवत नसे. म्हणून लिहिण्याची तपासणी निराळी करावी लागे. त्या प्रोसेसरला लिनक्सने २०१२ च्या डिसेंबरमध्येच निरोप दिला होता, तरी त्याच्यासाठीचा तो रकाना आणखी सहा वर्षे जागोजागी भरला जात होता.

याहून जुने दुखणे होते ‘सेट-एफएस’. पत्त्याची मर्यादा तात्पुरती उठवण्याची ही सोय लिनक्सच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांपासूनची. कधी कधी कर्नेललाच स्वतःच्या मेमरीतला मजकूर अ‍ॅपसाठीच्या फंक्शनकडे द्यायचा असतो. तेव्हा मर्यादा काढायची, काम करायचे, पुन्हा लावायची. पुन्हा लावायची राहिली तर? डिसेंबर २०१० मध्ये नेल्सन एल्हेज यांनी दाखवून दिले की मर्यादा उठलेली असताना कर्नेलमध्ये काही बिघाड झाला, तर तो प्रोग्रॅम गुंडाळतानाची शेवटची कामे मर्यादेविना होतात आणि त्यातून कर्नेलच्या मेमरीत लिहिता येते. एक सोय बंद करायला पुढे दशकाहून अधिक काळ लागला. क्रिस्टोफ हेलविग आणि आर्न्ड बर्गमन यांच्यासह अनेकांनी ती वापरणारी जागा न् जागा शोधून बदलली आणि मे २०२२ मध्ये आलेल्या ५.१८ मध्ये सेट-एफएस कर्नेलमधून कायमची गेली.

पत्त्यांच्या या खबरदारीला पुण्याचाही हात लागला आहे. कर्नेल बिघडला तर त्याला चालू स्थितीत थांबवून आत डोकावायचे कसे, हा अवघड प्रश्न. त्यासाठी ‘केजीडीबी’ हे साधन आहे. एका संगणकावर कर्नेल चालतो, दुसऱ्या संगणकावरून केबलने त्याला जागच्या जागी रोखून धरायचे आणि मेमरीतला हवा तो पत्ता उघडून पाहायचा. आज लिनक्सच्या मुख्य साठ्यात असलेल्या या साधनाच्या फाइलीच्या माथ्यावर, स्वामित्वाच्या नोंदींत, २०००–२००१ साठी व्हेरिटास सॉफ्टवेअरचे आणि २००३–२००४ साठी अमित एस. काळे यांचे नाव आहे. काळे ज्या लिनसिससॉफ्टमधून त्या काळात केजीडीबीची देखभाल करत, ती कंपनी पुण्यातली. केजीडीबीचे सुटसुटीत रूप जेसन वेसल यांच्या हातून २००८ मध्ये २.६.२६ या आवृत्तीत अधिकृतपणे दाखल झाले.

तिथेही प्रश्न पत्त्याचाच होता. बिघडलेल्या कर्नेलमध्ये डोकावणारा माणूस चुकीचा पत्ता टाइप करणारच. त्या पत्त्यावर काहीच नसेल तर तपासणारे साधनच कोसळेल. म्हणून केजीडीबीसोबत ‘जपून वाचणारी’ फंक्शने कर्नेलमध्ये आली. पत्ता वाचता आला तर मजकूर द्यायचा, नाही तर मुकाट चूक कळवायची, पण कर्नेल पाडायचा नाही. ब्रेकपॉइंट, म्हणजे कर्नेलला थांबवण्याची खूण, लावायच्या आधी ती जागा वाचता येते का, हे पाहणारे छोटे फंक्शनही त्यातच होते. ही ‘जपून वाचणारी’ फंक्शने पुढे कर्नेलच्या इतर भागांनीही उचलली आणि २०२० मध्ये ५.८ या आवृत्तीत त्यांना अधिक नेमकी नावे मिळाली.

माणूस विसरतो हे गृहीत धरून यंत्रांनाही कामाला लावले गेले आहे. तोरवाल्डस यांनीच २००३ मध्ये सुरू केलेले ‘स्पार्स’ हे साधन कर्नेलचा मजकूर न चालवताच वाचते. अ‍ॅपकडून आलेल्या प्रत्येक पत्त्यावर खूण केलेली असते. असा पत्ता कुणी नेहमीच्या रस्त्याने न जाता थेट वापरला, की स्पार्स बोट ठेवते. गुगलचे ‘सिझकॉलर’ कर्नेलला रात्रंदिवस वेड्यावाकड्या मागण्या करत राहते आणि तो कुठे अडखळतो ते टिपते. प्रोसेसरही शहाणे झाले आहेत. इंटेलने २०१४ च्या ब्रॉडवेल पिढीपासून ‘स्मॅप’ आणला, एआरएमने ‘पॅन’. कर्नेलने अ‍ॅपच्या मेमरीला मुद्दाम दार उघडल्याशिवाय हातच लावायचा नाही, अशी ही सक्ती. त्यामुळे तपासणीची वाट टाळून आडमार्गाने जाणारे प्रोग्रॅम लगेच उघडे पडतात. जुन्या फोनच्या प्रोसेसरमध्ये ही सोय नसल्याने गुगलने २०१७ च्या अँड्रॉइड ओरिओमध्ये तिची सॉफ्टवेअर नक्कल दिली. २०१४ पासून अँड्रॉइडच्या कर्नेलमध्ये सापडलेल्या उणिवांपैकी सुमारे ४५ टक्के उणिवा हद्दीची तपासणी नसल्यामुळे किंवा चुकीची असल्यामुळे निर्माण झाल्या, असे गुगलने तेव्हा सांगितले होते.

म्हणजे चूक सापडते, दुरुस्ती होते, ती पुन्हा होऊ नये याची तजवीजही होते. लांबतो तो दुरुस्तीचा पुढचा प्रवास. लिनक्समध्ये आलेला पॅच आधी जुन्या, दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्यांत जातो. तिथून अँड्रॉइडच्या कर्नेलमध्ये, मग चिप बनवणाऱ्या कंपनीकडे, मग फोन बनवणाऱ्या कंपनीकडे आणि शेवटी नागऱ्यातल्या फोनवर. २०१२ ची दुरुस्ती २०१३ मध्येही फोनवर नव्हती ती या साखळीमुळे. ऑगस्ट २०१५ पासून गुगल दर महिन्याला सुरक्षा पत्रक काढते. अँड्रॉइड १२ पासून, ५.१० कर्नेल असलेल्या नव्या फोनमध्ये, गुगलने तयार केलेला सामाईक कर्नेल आणि कंपन्यांचे खास फेरफार वेगळे ठेवण्याची पद्धत सुरू झाली. त्यामुळे मूळ कर्नेलमधली दुरुस्ती फोनवर येणे सोपे झाले. पण कंपनीने अपडेट देणेच बंद केले असेल, तर त्या फोनसाठी साखळी तिथेच तुटते. दुरुस्ती जगात असते, त्या फोनवर नसते.

फोन वापरणाऱ्याच्या हातात दोन गोष्टी आहेत. पहिली, फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ या भागात जाऊन अँड्रॉइड सुरक्षा अपडेटची तारीख पाहणे आणि आलेले अपडेट ‘नंतर’ म्हणून न टाळता त्याच दिवशी करणे. दुसरी, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल उघडून अ‍ॅप न बसवणे, मग ती पीएम किसानच्या नावाने असो की वाहनाच्या दंडाच्या. अशी बनावट अ‍ॅप बहुतेक वेळा एसएमएस वाचायची परवानगी मागूनच डल्ला मारतात. तरी कर्नेलमधली जुनी फट वापरायची असेल, तर चोराला बहुतेक वेळा आधी आपले अ‍ॅप फोनमध्ये शिरवावे लागते. ते आपण आत घेतले नाही, तर खोटा पत्ता देणाऱ्याची सर्वांत सोपी वाट बंद होते. सुरक्षा अपडेटची तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल आणि नवे अपडेट येत नसेल, तर त्या फोनवर ई-पीक पाहणी करायला हरकत नाही, पण बँकेचे अ‍ॅप आणि यूपीआय त्यावरून काढून दुसऱ्या फोनवर न्यावे.